मापात पाप आणि विजेचा मापाडी : घरगुती मीटरचा इतिहास

१/
बाजारात धान्य घेताना ग्राहकाची नजर तराजूच्या काट्यावर असते. शंका आली तर तो माल पुन्हा तोलायला लावतो. वीज हा मात्र असा माल आहे की जो दिसत नाही, घरी नेऊन पुन्हा तोलता येत नाही, आणि ज्याचे माप विक्रेत्याच्याच मालकीचे असते. घरात शिरणारा प्रवाह कोणी मोजायचा, कशाने मोजायचा आणि कोणाच्या देखत मोजायचा, या प्रश्नाचा हा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास. #थ्रेड

२/
विजेपूर्वी युरोप-अमेरिकेतील शहरांत गॅसचे दिवे होते आणि गॅसला मीटर होते. विजेच्या पहिल्या दिव्यांना मात्र मीटर नव्हते. दर दिव्यामागे ठरलेली रक्कम हाच व्यवहार. १८७२ साली सॅम्युएल गार्डिनर याने अमेरिकेत एका यंत्राचे पेटंट घेतले. ते म्हणजे प्रवाह सुरू झाला की चालणारे आणि बंद झाला की थांबणारे घड्याळ. दिवा किती तास जळला एवढेच त्याला कळे.

३/
सगळे दिवे एकदम पेटत आणि एकदम विझत, तोवर हे घड्याळ पुरेसे होते. पण घरात दहा दिवे आहेत, त्यांतले आज तीन लावले, उद्या सात, असे झाले की तासांचा हिशेब निरुपयोगी ठरतो. आता प्रवाह किती वेळ वाहिला यासोबत तो किती वाहिला हेही मोजणे भाग होते. हा प्रश्न थॉमस एडिसनसमोर उभा राहिला.

४/
४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याची स्पर्धा गॅसशी होती. गॅसचा ग्राहक वापराप्रमाणे पैसे मोजण्यास सरावलेला होता, त्यामुळे विजेलाही तसेच माप हवे होते. एडिसनने ते शोधण्यासाठी घड्याळजीकडे न जाता रसायनशास्त्राकडे धाव घेतली.

५/
मायकेल फॅरडे याने १८३० च्या दशकात एक नियम मांडला होता. क्षाराच्या द्रावणातून वीज वाहिली की एका पत्र्यावरील धातू विरघळून दुसऱ्यावर जमा होतो, आणि जमा होणारा धातू वाहिलेल्या विजेच्या नेमक्या प्रमाणात असतो. धातू तोला, वीज कळेल. विजेला प्रत्यक्ष तराजूत घालण्याची ही युक्ती होती.

६/
एडिसनचे मीटर म्हणजे भिंतीवरची एक पेटी होती. आत काचेची बरणी, बरणीत झिंक सल्फेटचे द्रावण आणि त्यात जस्ताचे दोन पत्रे. घराचा सगळा प्रवाह बरणीतून जात नसे. मुख्य तारेला एक समांतर वाट काढून त्याचा अगदी लहान, पण ठरलेला हिस्सा तेवढा बरणीतून सोडलेला असे. पडताळ्यासाठी शेजारी दुसरी बरणीही ठेवलेली असे.

७/
या मापाचा सूक्ष्मपणा हिशेबाने कळतो. १ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे १.२२ ग्रॅम जस्त सरकते. रोज ५ तास, असे ३० दिवस १ अँपिअर वापरला तर १८३ ग्रॅम. बरणीतून त्याचा हजारावा भाग जात असेल, तर महिन्याचा फरक ०.१८३ ग्रॅम. सोनाराच्या भाषेत दीड गुंज. एका घराचे महिन्याचे बिल दीड गुंज जस्तावर ठरायचे.

८/
अडचणी अनेक होत्या. हिवाळ्यात द्रावण गोठण्याची भीती असे, म्हणून पेटीतच एक दिवा बसवला गेला. थंडी वाढली की धातूची पट्टी वाकून त्याचे कळसूत्र जोडी आणि दिव्याच्या उबेने बरणी राखली जाई. वीज मोजणाऱ्या यंत्राला जिवंत ठेवण्यासाठीही वीजच खर्ची पडत होती.

९/
खरी अडचण मात्र थंडीची नव्हती. महिनाअखेर कंपनीचा माणूस येई, जुने पत्रे काढून नेई आणि नवे बसवी. जुने पत्रे कंपनीच्या प्रयोगशाळेत धुऊन, वाळवून, नाजूक तराजूत तोलले जात. ग्राहकाला दिसे ती केवळ एक बरणी. तिच्यावर काटा नाही, आकडा नाही. तराजू विक्रेत्याचा, तोलणाराही विक्रेत्याचाच, आणि तोल ग्राहकाच्या पाठीमागे.

१०/
मराठी मुलखातील बाजाराला या अडचणीची पुरती जाण आहे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. धान्याच्या बाजारात म्हणूनच मापाडी असतो. तो ना विकणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. त्याचे काम फक्त माप घालण्याचे. १८८२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये विजेच्या बाजाराला मापाडी नव्हता.

११/
याचा प्रत्यय खुद्द एडिसनला आला, आणि तोही बड्या गिऱ्हाइकाकडून. वॉल स्ट्रीटवरील सावकार जे. पी. मॉर्गन हा एडिसनच्या उद्योगातील मोठा गुंतवणूकदार. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या एडिसनच्या चरित्रात एक आठवण नोंदलेली आहे. मॉर्गनच्या कचेरीला बरणीच्या मापावर येणारे बिल जास्त वाटू लागले.

१२/
एडिसनने तेथील प्रत्येक दिव्यापाशी एक कार्ड टांगायला लावले. दिवा कधी लावला आणि कधी विझवला, याची नोंद त्यावर करायची. महिनाअखेर कार्डांची बेरीज आणि बरणीचे माप यांत फरक निघाला. बरणी जास्त दाखवत होती. मॉर्गनचा संशय खरा ठरला असे वरकरणी दिसले.

१३/
मग एडिसनने विचारले, की कचेरी बंद झाल्यावर येथे काम कोण करते? रात्री झाडलोट करणारा माणूस दिवे लावत होता आणि त्याच्यापुढे कोणी कार्ड ठेवले नव्हते. ते तास मिळवल्यावर हिशेब जुळला. बरणी खरी ठरली, पण ते सिद्ध करण्यासाठी दुसरे, सर्वांना वाचता येईल असे माप शेजारी उभे करावे लागले. मॉर्गनसाठी हे शक्य झाले. साध्या ग्राहकाकडे कार्ड टांगायला एडिसन जाणार नव्हता.

१४/
विश्वासाची किंमत एडिसन जाणून होता. केंद्र सुरू झाल्यावर कित्येक महिने ग्राहकांकडून पैसे घेतले गेले नाहीत. पहिले बिल गेले ते जानेवारी १८८३ मध्ये, पितळ-तांब्याच्या एका कंपनीला, सुमारे ५० डॉलरचे. तोवर न्यूयॉर्कचा तो भाग एका अर्थाने फुकट उजळलेला होता.

१५/
युरोपात वेगळा मार्ग निघाला. बर्लिनच्या हर्मन आरॉनने १८८० च्या दशकात दोन लंबकांचे मीटर बनवले. एक लंबक आपल्या चालीने चाले, दुसऱ्याच्या चालीवर प्रवाहाचा परिणाम होई. दोघांतील अंतर म्हणजे वापरलेली वीज. हे अंतर तबकडीवर दिसत असे. तोलण्यासाठी काहीही कंपनीत न्यावे लागत नव्हते.

१६/
त्याच दशकात विजेचे रूपही बदलले. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने अमेरिकेत प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, पसरवायला सुरुवात केली. एसी सेकंदाला अनेकदा दिशा बदलतो. पहिल्या क्षणी जे जस्त एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाते, ते पुढच्या क्षणी परत येते. घर रात्रभर उजळले तरी बरणीच्या लेखी वापर शून्य.

१७/
१८८८ चा एप्रिल. वेस्टिंगहाऊसकडे काम करणारा ऑलिव्हर शॅलेनबर्गर नव्या आर्क दिव्याची तपासणी करत होता. एक बारीक स्प्रिंग सुटून दिव्याच्या आत पडली आणि थोड्या वेळाने ती जागच्या जागी फिरलेली दिसली. दिव्यातील वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्र तिला फिरवत होते. क्षेत्र धातूला फिरवू शकते, तर ते काटेही फिरवू शकेल. थोड्याच आठवड्यांत त्याचे मीटर आकाराला आले.

१८/
या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व इटलीत तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिसने १८८५ सालीच दाखवले होते. पण शॅलेनबर्गरचे मीटर केवळ प्रवाह मोजत होते, अँपिअर आणि तास. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, त्यात धरलेला नव्हता. दाब कायम राहतो असे मानले तरच तो हिशेब खरा.

१९/
ती उणीव भरून काढली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथीने, १८८९ मध्ये. त्याच्या मीटरमध्ये दोन वेटोळी होती. एकातून घराचा प्रवाह जाई, दुसऱ्यावर घराचा दाब असे. दोघांच्या मिळून होणाऱ्या ओढीने मधली तबकडी फिरे. त्यामुळे तबकडीचा वेग प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या शक्तीशी जुळला. पहिले यंत्र सुमारे २३ किलो वजनाचे होते!

२०/
तबकडीला मोकळे सोडले तर ती वेग घेतच राहील. म्हणून तिच्या कडेला एक कायम चुंबक बसवला जातो. फिरणाऱ्या धातूत तो उलटे प्रवाह निर्माण करतो आणि ते तबकडीला मागे ओढतात. वेग जितका जास्त, ओढ तितकी जास्त. पुढे करणारा आणि मागे धरणारा जोर समान झाला की तबकडी स्थिर वेगाने फिरते. कुठेही घर्षणाचा ब्रेक नाही, म्हणून झीजही फारशी नाही. हेच ते मीटर, जे पुढे शंभर वर्षे जगभरच्या भिंतींवर राहिले.

२१/
या मीटरचा एक गुण तंत्रज्ञानाच्या इतिहासात झाकोळला जातो. त्याला समोर काच होती. काचेमागे फिरणारी तबकडी, तिच्या कडेवर एक रंगीत खूण आणि वर आकडे. पाटीवर लिहिलेले असे, की एका युनिटला तबकडीचे किती फेरे. समजा ६०० लिहिले आहे. मग १,००० वॉटची शेगडी एकटी चालू ठेवली तर मिनिटाला १० फेरे व्हायला हवेत. हातात घड्याळ असेल तर शाळकरी मुलगाही मीटर तपासू शकतो.

२२/
हे केवळ सोयीचे काम नव्हते. आजवर जे माप कंपनीच्या बंद खोलीत होई, ते आता ग्राहकाच्या ओसरीवर, त्याच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. तराजू अजूनही विक्रेत्याचाच होता, पण काटा दोघांना दिसत होता.

२३/
मुंबईत विजेचा पहिला प्रयत्न १८८२ चाच. क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते उजळण्याचा करार नगरपालिकेने एका कंपनीशी केला, पण कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅस आला. घरोघरी वीज देण्याचा पाया पडला तो १९०५ मध्ये, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’च्या पूर्वज कंपनीने. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रामही धावली.

२४/
ग्राहक वाढले तशी वादांची शक्यताही वाढली. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याच्या कलम २६ मध्ये याचे उत्तर आहे. मीटर बरोबर की चूक असा वाद उद्भवला, तर कंपनी किंवा ग्राहक, कोणाच्याही अर्जावर तो विद्युत निरीक्षकाने सोडवायचा. हा विजेच्या बाजारातील मापाडी. पर्ल स्ट्रीटवर जो नव्हता, तो येथे कायद्याने नेमला गेला.

२५/
त्याच कलमातील दुसरी तरतूदही तितकीच महत्त्वाची आहे. असा वाद नसेल आणि फसवणूक झालेली नसेल, तर मीटरवरचा आकडा हाच वापराचा निर्णायक पुरावा. म्हणजे ग्राहक ‘आम्ही महिनाभर गावी होतो’ म्हणाला तरी बोलणार ते मीटरच. यंत्राच्या शब्दाला माणसाच्या शब्दापेक्षा जास्त वजन दिले, म्हणून त्या यंत्राची तपासणी मागण्याचा हक्क देणे कायद्याला भाग पडले.

२६/
बिलावरच्या ‘युनिट’ या शब्दालाही इतिहास आहे. १ किलोवॉट शक्ती १ तास वापरली की जी ऊर्जा खर्च होते, तिला ब्रिटनमध्ये ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. बोर्ड ऑफ ट्रेड हे तिथले व्यापार खाते. वजने-मापे पाहणाऱ्या सरकारी खात्याचे नाव गळाले, युनिट उरले, आणि ते मराठी घरात इतके रुळले की ‘या महिन्यात किती युनिट पडले?’ हा घरगुती प्रश्न झाला.

२७/
इथवर गोष्ट झाली ती एकूण वापराची. पण वीज कंपनीपुढे आणखी एक प्रश्न होता. एका घरात महिनाभर रोज एक दिवा जळतो, दुसऱ्या घरात एकाच रात्री तीस दिवे जळतात. युनिटे दोघांची सारखी. मात्र दुसऱ्या घराच्या त्या एका रात्रीसाठी कंपनीला मोठी यंत्रे आणि जाड तारा बाळगाव्या लागतात. त्याचा खर्च कोणी द्यायचा? ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने १८९२ साली उत्तर मांडले, की दराचे दोन भाग करा. एक तयारीचा आणि एक वापराचा.

२८/
त्यासाठी लागणारे माप इंग्लंडमधील ब्रायटन येथील आर्थर राइटने बनवले. काचेची वाकडी नळी आणि तिच्यात द्रव. घराचा प्रवाह नळीच्या एका फुग्याभोवतीची तार तापवी, आतली हवा फुगे आणि द्रव पलीकडे ढकलला जाऊन एका मोजनळीत सांडे. प्रवाह ओसरला तरी सांडलेला द्रव परत येत नसे. महिन्यातला सर्वांत मोठा प्रवाह त्या नळीत साक्षीदारासारखा बसून राही.

२९/
१८९४ साली ब्रायटनला आलेल्या सॅम्युएल इन्सलने ही व्यवस्था पाहिली. इन्सल एकेकाळी एडिसनचा खासगी चिटणीस, आणि आता शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख. त्याने ती अमेरिकेत नेली. भारताच्या १९१० च्या कायद्यातही कंपनीला असा कमाल मागणी दर्शवणारा निर्देशक ग्राहकाकडे बसवण्याची मुभा होती. आजच्या बिलातील ‘स्थिर आकार’ आणि ‘मंजूर भार’ हे शब्द याच विचाराचे वंशज आहेत. घरी कोणी नसतानाही स्थिर आकार का लागतो, याचे मूळ त्या नळीत आहे.

३०/
आज वायरमन मेन स्विचपाशी प्रवाह मोजतो तो ‘टाँग टेस्टर’ने. चिमट्याचा जबडा उघडायचा आणि फेजच्या तारेभोवती मिटायचा. तार तोडावी लागत नाही, तिला स्पर्शही करावा लागत नाही. तारेतून प्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले होते. जबड्यातील लोखंडी गाभा ते क्षेत्र पकडतो आणि आकडा देतो.

३१/
फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम जबड्यात घेतल्या तर आकडा शून्य यायला हवा, कारण एकीतून जेवढे जाते तेवढेच दुसरीतून परत येते. शून्य आले नाही तर काही प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत जात आहे असे समजावे. उघड्या तारांजवळचे हे काम परवानाधारक वायरमनचेच. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की मीटरच्या पुढे स्वतःचे, कंपनीशी संबंध नसलेले माप लावण्याची सोय ग्राहकाला मिळाली. मॉर्गनच्या कचेरीतील कार्डांचे काम आता एक चिमटा करतो.

३२/
फिरत्या तबकडीची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली. फेऱ्यांऐवजी लाल ठिपका लुकलुकतो. पाटीवर एका युनिटला ३,२०० असे लिहिले असेल, तर १,००० वॉटच्या भाराला तो मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकायला हवा. मोजण्याची रीत तीच, फक्त डोळे थोडे जास्त चपळ हवेत.

३३/
२००३ च्या विद्युत कायद्याने १९१० चा कायदा रद्द केला. कलम ५५ ने अचूक मीटरशिवाय वीजपुरवठा करू नये असे बंधन घातले, तर कलम ४२ ने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल या वाटा दिल्या. मापाड्याचे नाव आणि पत्ता बदलला, पद राहिले.

३४/
आता स्मार्ट मीटर आले आहे. ते आपला आकडा स्वतःच कंपनीला कळवते, वाचायला कोणी दारी येत नाही. महाराष्ट्रात त्यावरून झालेल्या वादाकडे केवळ नव्या यंत्राची भीती म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. मॉर्गनने विचारलेला प्रश्नच लोक विचारत आहेत. बरणी खोटी आहे असे त्याला सिद्ध करता आले नव्हते आणि बरणी खोटी नव्हतीही. तरीही माप डोळ्यांआड होते, म्हणून संशय होता.

३५/
स्मार्ट मीटरलाही पडदा आहे आणि लुकलुकणारा ठिपकाही आहे. बिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ असे दोन आकडे छापलेले असतात. चालू रीडिंगचा आकडा त्याच दिवशी मीटरच्या पडद्यावर होता की नाही, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. १८८२ च्या ग्राहकाला हे कोणत्याही किमतीत शक्य नव्हते. त्याच्या बरणीवर आकडाच नव्हता.

(समाप्त)